नौपाड्यातला फ्रेंच चिन्हांचा वर्ग: आठ रविवारांचा अनुभव

आर, ई, जी, एल, ई या पाच रोमन अक्षरांपासून फ्रेंचमध्ये दोन वेगळे शब्द होतात. पहिल्या 'ई'वर डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ दिली, की 'रेग्ल' होतो, म्हणजे नियम. दोन्ही 'ई'वर उजवीकडे चढणारी रेघ दिली, की 'रेग्ले' होतो, म्हणजे निकाली निघालेले. ऐरोलीतल्या ज्या कार्यालयात मी विम्याच्या दाव्यांचे काम पाहते, तिथे फ्रान्समधल्या फायलींवर शेवटचा शेरा आम्हाला फ्रेंचमध्ये लिहावा लागतो. मी तो शेरा कितीतरी दिवस दोन्ही रेघा गाळून लिहीत होते. एकदा पलीकडच्या सहकारी बाईंनी विचारणा केली, की ही फाईल नेमक्या कोणत्या नियमाखाली थांबवली आहे? फाईल थांबलेली नव्हतीच, ती पूर्ण झालेली होती. पण त्या प्रश्नोत्तरात दोन दिवस गेले आणि तेवढे दिवस एका माणसाचे पैसे अडून राहिले. ती चूक माझी होती, आणि तिचे मूळ मी ज्या पद्धतीने फ्रेंच शिकले होते त्यात होते. त्या आधीच्या क्लासमध्ये, ज्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, पाच चिन्हांचा एक तक्ता दाखवून वीस मिनिटांत हा विषय संपवला होता आणि 'पुढे सवयीने येईल' असे सांगितले होते. ते सवयीने आले नाही.

म्हणून यंदा मी ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रस्त्याच्या आतल्या गल्लीत चालणाऱ्या एका घरगुती वर्गात आठ रविवार गेले. या वर्गाला पाटी नाही आणि नावही नाही. येणारे सगळे त्याला 'बाईंचा वर्ग' म्हणतात. बाईंना प्रसिद्धी नको आहे, म्हणून मीही त्यांचे नाव लिहीत नाही. सकाळी साडेआठ ते साडेदहा, एका वेळी जास्तीत जास्त दहा विद्यार्थी, शुल्क ३,५०० रुपये, आणि विषय एकच: फ्रेंच लेखनातली चिन्हे आणि त्यांचा उच्चाराशी असलेला व नसलेला संबंध. एवढ्याशा विषयाला सोळा तास कशाला हवेत, असे मलाही आधी वाटले होते. आता वाटते, की सोळा तास थोडे कमीच पडले.

पहिल्या रविवारी बाईंनी फळ्यावर एकही चिन्ह काढले नाही. त्यांनी आधी एक गैरसमज दूर केला. आपण इंग्रजीच्या वाटेने फ्रेंचकडे येतो आणि 'अॅक्सेंट' म्हटले की आघात, म्हणजे शब्दाचा कुठला तरी भाग जोराने म्हणणे, असे धरून चालतो. फ्रेंचमधली रेघ आघात दाखवत नाही. फ्रेंच बोलण्यात जो हलका भर असतो तो शब्दसमूहाच्या शेवटच्या अवयवावर, म्हणजे एका झटक्यात म्हटल्या जाणाऱ्या शेवटच्या ध्वनितुकड्यावर येतो, मग रेघ कुठेही असो किंवा मुळीच नसो. 'एकोल', म्हणजे शाळा, या शब्दात रेघ पहिल्या अक्षरावर आहे आणि भर शेवटी आहे. मराठीतही शब्दागणिक ठरलेला जोरदार आघात नसतो, त्यामुळे आपल्या तोंडाला हे खरे तर सोपे जायला हवे. आपल्याला अडवते ती मध्ये शिकलेली इंग्रजी. वर्गातल्या अकरावीच्या मुलांनी 'एकोल'मधला 'ए' ठासून म्हटला, तेव्हा बाईंनी त्यांना 'पेढा' म्हणायला सांगितले आणि मग त्याच 'पे'च्या चालीवर पुन्हा 'एकोल'. दुसऱ्याच प्रयत्नात ते जमले.

चिन्हांच्या नावांची गोष्टही त्यांनी इथेच सांगितली. चढती रेघ 'एग्यू' म्हणजे तीक्ष्ण, उतरती 'ग्राव' म्हणजे गंभीर, आणि टोपीसारखे चिन्ह 'सिर्कोंफ्लेक्स' म्हणजे वाकवलेले. ही नावे प्राचीन ग्रीक लेखनातून लॅटिनमार्गे आली, आणि तिथे ती खरोखरच स्वराची उंची दाखवत होती: चढा स्वर, खालचा स्वर आणि चढून उतरणारा स्वर. ज्यांच्या घरी वेदपठण ऐकले गेले आहे त्यांना उदात्त, अनुदात्त आणि स्वरित लगेच आठवतील. सोळाव्या शतकात पॅरिसच्या मुद्रकांनी, विशेषतः जोफ्रुआ तोरी आणि रोबेर एत्येन यांनी, फ्रेंच छपाईत ही चिन्हे आणली, तेव्हा आकार जुनेच राहिले आणि काम पूर्ण बदलले. नाव एक आणि काम दुसरे, हा गोंधळ तेव्हापासूनचा आहे, आणि तो शिकणाऱ्याच्या मंदपणातून आलेला नाही, हे कळल्यावर मला मोठा दिलासा मिळाला.

दुसरा आणि तिसरा रविवार केवळ 'ई' या अक्षराला दिला होता आणि तो वेळ सार्थकी लागला. एग्यू फक्त याच अक्षरावर येते आणि तिचा उच्चार आपल्या 'पेढा'तल्या 'ए'च्या अगदी जवळचा आहे. ग्राव असेल तर जबडा थोडा खाली येतो. 'पेढा'तला 'ए' आणि 'बॅट'मधला 'ॅ' यांच्या मधोमध कुठेतरी हा उच्चार आहे, आणि मराठीत त्याला स्वतंत्र अक्षर नसल्याने आपण दोन्हीकडे घसरतो. बाईंनी प्रत्येकाला तर्जनी हनुवटीखाली धरायला लावली आणि 'एलेव', म्हणजे विद्यार्थी, हा शब्द म्हणायला सांगितला. या एकाच शब्दात आधी एग्यू आहे आणि मग ग्राव. पहिल्या स्वराला बोट हलत नाही, दुसऱ्याला ते किंचित खाली ढकलले जाते. इतकी वर्षे मी हे दोन स्वर सारखेच म्हणत होते, हे मला माझ्या बोटाने सांगितले.

पण याहून मोलाचा होता तो चिन्ह कधी द्यायचे नाही याचा नियम. 'पेर' म्हणजे वडील आणि 'तेर' म्हणजे जमीन, या दोन्ही शब्दांत स्वर तोच आहे, पण 'पेर'वर ग्राव आहे आणि 'तेर'वर काहीच नाही. कारण 'तेर'मध्ये 'ई'च्या पुढे 'आर' दोनदा आला आहे. पुढे तेच व्यंजन असे दोनदा आले की स्वर आपोआप उघडा होतो, त्याला वेगळी खूण लागत नाही. 'मेर्सी'वरही चिन्ह नाही, कारण 'आर'ने तो अवयव बंद केला आहे. 'एक्झामें'वर नाही, कारण 'एक्स' हे अक्षर दोन व्यंजनांच्या बरोबरीचे धरतात. वृत्ते शिकलेल्या मराठी माणसाला हे परके वाटू नये. जोडाक्षराच्या आधीचे लघु अक्षर आपण गुरू मोजतो, त्यावर कोणतीही जादा खूण न करता. बाईंनी हा धागा जोडून दिला, तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या निवृत्त शिक्षकांनी तिथल्या तिथे वहीत लघु-गुरूच्या खुणा करून दहा फ्रेंच शब्द तपासले, आणि दहाही बरोबर निघाले.

टोपीचा, म्हणजे सिर्कोंफ्लेक्सचा, रविवार हा माझ्या मते या वर्गाचा गाभा आहे. 'ओपिताल' म्हणजे रुग्णालय, 'फोरे' म्हणजे अरण्य, 'फनेत्र' म्हणजे खिडकी. या तिन्ही शब्दांत कधीकाळी 'एस' होता. तो बोलण्यातून गळाला, लिहिण्यात मात्र शतकानुशतके टिकून राहिला, आणि फ्रेंच अकादमीने १७४० साली आपल्या कोशाची तिसरी आवृत्ती काढली तेव्हा अशा हजारो शब्दांमधला मुका 'एस' काढून बहुतेक ठिकाणी त्याची आठवण म्हणून डोक्यावर टोपी ठेवली. इंग्रजीने हे शब्द त्याआधीच उचलले असल्याने तिथल्या 'हॉस्पिटल' आणि 'फॉरेस्ट'मध्ये तो अजून ऐकू येतो. इथपर्यंतची माहिती कुठल्याही पुस्तकात मिळते. बाई त्यापुढे गेल्या. त्यांनी एक जुने कौटुंबिक पत्र दाखवले, ज्यात 'नांव', 'गांव', 'पांच' आणि 'कांहीं' असे लिहिले होते. हे अनुस्वार पत्र लिहिणाऱ्याच्या तोंडी नव्हते. 'नांव'वरचा अनुस्वार 'नाम'मधल्या 'म'ची आणि 'पांच'वरचा 'पञ्च'मधल्या अनुनासिकाची खूण होती. १९६२च्या लेखननियमांनी आपण असे अनुच्चारित अनुस्वार सोडून दिले. तरीही 'पाच' लिहिणारे आपण 'पंचवीस' आणि 'पंचावन्न' म्हणताना तो आवाज परत आणतोच. फ्रेंचमध्येही नेमके हेच घडते. 'ओपिताल'मध्ये 'एस' नाही, पण रुग्णालयात दाखल करणे या अर्थाच्या 'ओस्पितालिझे'मध्ये तो आहे. 'फोरे'मध्ये नाही, 'फोरेस्तिये'मध्ये आहे. म्हणजे टोपी कुठे द्यायची हे पाठ करण्याऐवजी त्या शब्दाच्या भावंडांत 'एस' आहे का, हे पाहावे. हा उपाय दर वेळी लागू पडत नाही, आणि बाईंनी ते स्पष्ट सांगितले, पण मला त्याने पाठांतराच्या ओझ्यातून सोडवले.

याच ओघात १९९०च्या सुधारणेचा विषय निघाला. त्या वर्षी ६ डिसेंबरला फ्रान्सच्या सरकारी राजपत्रात लेखनातल्या दुरुस्त्या प्रसिद्ध झाल्या आणि 'आय' व 'यू' या अक्षरांवरची टोपी बऱ्याच शब्दांत ऐच्छिक झाली. मात्र जिथे टोपीने अर्थ बदलतो तिथे ती कायम राहिली: 'स्यूर' टोपीशिवाय 'वर' आणि टोपीसह 'खात्रीचा', 'द्यू' टोपीशिवाय 'चा' आणि टोपीसह 'देणे असलेला'. माझ्या कामात देय रक्कम हा शब्द दिवसातून वीसदा येतो, त्यामुळे ती टोपी माझ्यापुरती तरी ऐच्छिक नाही. २०१६ साली शालेय पुस्तकांत नवे लेखन येणार म्हटल्यावर फ्रान्समध्ये केवढा क्षोभ उसळला होता, हेही त्यांनी सांगितले. आपल्याकडे अनुस्वार गेले तेव्हा जुन्या पिढीला जे वाटले असेल ते मला त्या दिवशी पहिल्यांदा समजले.

'सी'च्या खाली लोंबणारी शेपटी, म्हणजे 'सेदीय', तिचा पाठही असाच मराठीतून उलगडला. या चिन्हाचे नाव स्पॅनिशमधून आले असून त्याचा अर्थ 'छोटा झेड' असा आहे. 'आ', 'ओ' आणि 'यू' यांच्याआधी 'सी'चा उच्चार 'क' होतो, 'ई' आणि 'आय' यांच्याआधी 'स'. जिथे 'क' व्हायला हवा तिथे 'स' हवा असेल तरच शेपटी लावायची: 'गार्सों', 'फ्राँसे', 'लसों'. 'मेर्सी'मध्ये 'आय'मुळे 'स' मिळालेलाच आहे, तेव्हा तिथे शेपटी लावणे ही चूक आहे, आणि ही चूक मी स्वतः शुभेच्छापत्रांवर कौतुकाने केलेली आहे. मग बाईंनी आमच्याकडून 'चिंच', 'चेहरा', 'चाक', 'चूल' आणि 'चोर' म्हणवून घेतले. 'इ' आणि 'ए' यांच्याआधी आपला 'च' नेहमी तालव्य असतो. दंततालव्य 'च' येतो तो 'चाक', 'चूल', 'चोर' अशा ठिकाणी. पुढचे स्वर आधीच्या व्यंजनाला टाळूकडे ओढतात, ही एकच प्रवृत्ती दोन्ही भाषांत आहे. फरक इतकाच, की फ्रेंचने अपवादासाठी खूण ठेवली आणि आपण ती वाचणाऱ्याच्या जाणतेपणावर सोडली. 'जग' हा शब्द दुनिया या अर्थाने वाचायचा की जगण्याची आज्ञा म्हणून, हे लेखनात कुठेच कळत नाही. परभाषक माणूस मराठी शिकताना कुठे अडत असेल, याची जाणीव मला फ्रेंचच्या वर्गात व्हावी, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

दोन टिंबांचा 'ट्रेमा' लवकर संपला, आणि तो तेवढ्यात संपण्यासारखाच आहे: दोन शेजारचे स्वर मिसळू न देता वेगळे म्हणा, एवढेच तो सांगतो. टिंबांशिवाय 'मे' म्हणजे 'पण', टिंबांसह 'माईस' म्हणजे मका. 'आ' आणि 'यू' या अक्षरांवरची ग्राव उच्चार मुळीच बदलत नाही, केवळ अर्थ वेगळा करते. 'यू'वर ती संपूर्ण भाषेत एकाच शब्दात येते: 'ऊ', म्हणजे 'कुठे'. रेघ गाळली तर तोच 'किंवा' होतो.

गृहपाठ म्हणून बाईंनी आम्हाला राम मारुती रस्त्यापासून तलावपाळीपर्यंत पायी फिरून पाट्या वाचायला सांगितले. मी एका संध्याकाळी 'कॅफे' हा शब्द रोमन लिपीत लिहिलेल्या अकरा पाट्या मोजल्या. सहांवर चिन्ह नव्हते, तिघांवर ते बरोबर होते, एकीवर रेघ उलटी, म्हणजे उतरती होती, आणि एकीवर 'ई'च्या डोक्यावर न देता तिच्या पुढे लटकवली होती. एका केकच्या दुकानात काचेमागे 'क्रेम ब्र्यूले'ची चिठ्ठी होती आणि ती मात्र निर्दोष होती: पहिल्या शब्दावर ग्राव, दुसऱ्यावर आधी टोपी आणि मग एग्यू. दोन शब्दांत तीन चिन्हे, आणि तिघांची कामे वेगळी: एक जबडा उघडायला सांगते, एक जुन्या 'एस'ची आठवण ठेवते, एक स्वर मिटायला सांगते. मी त्या काचेपुढे बराच वेळ उभी राहिले. दोन महिन्यांपूर्वी मला त्यात फक्त नक्षी दिसली असती.

सातव्या रविवारच्या श्रुतलेखनात एक वाक्य होते, ज्याचा अर्थ 'खाडीवरचा तो कोळी पापी नाही' असा होतो. फ्रेंचमध्ये मासे धरणारा आणि पाप करणारा यांत केवळ टोपी आणि चढती रेघ एवढाच फरक आहे, आणि भरभर बोलताना पुष्कळ फ्रेंच लोकांच्या तोंडी तोही जवळजवळ ऐकू येत नाही. दहापैकी सात जणांनी कोळ्याला पापी केले. मीही त्यांत होते. कान जिथे साथ देत नाही तिथे संदर्भ आणि व्याकरण यांवरच विसंबावे लागते, हे त्या वाक्याने पक्के ठसवले. 'पार्ले' या एका उच्चाराची तीन लेखने, म्हणजे मूळ क्रियापद, भूतकाळवाचक रूप आणि 'तुम्ही'चे रूप, यांच्यापैकी एकातच एग्यू लागते. ते कोणते, हे कान कधीच सांगणार नाही.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव म्हणजे ऐकण्याचा सराव कमी आहे आणि तो उशिरा येतो. सहा रविवार आम्ही फक्त पॅरिसकडचे उच्चार ऐकले. सातव्या रविवारी दक्षिण फ्रान्समधली एक ध्वनिफीत लावली, तेव्हा 'ले', म्हणजे दूध, हा शब्द त्या माणसाने चक्क मिटलेल्या 'ए'ने म्हटला आणि आम्ही सगळे गोंधळलो. पाठोपाठ कॅनडातल्या क्युबेक प्रांतामधली एक बाई 'पात' या शब्दातला टोपीचा 'आ' इतका लांब आणि जड म्हणाली, की तो वेगळाच शब्द वाटला. फ्रान्समध्ये पुष्कळांच्या बोलण्यात तो भेद आता उरलेला नाही. चिन्ह सगळीकडे तेच असते आणि तोंड प्रांताप्रमाणे बदलते, हे सूत्र तिसऱ्या रविवारीच कानांवर पडायला हवे होते. कॅनडाला जाण्यासाठी परीक्षा देणारे दोघे जण आमच्यात होते. त्यांना याची गरज सर्वांत जास्त होती.

दुसरी तक्रार टिपणांची. ती छायाप्रतींच्या रूपात मिळतात, आणि प्रतीची प्रत काढल्याने एग्यू आणि ग्राव या दोहोंचा एकच काळा ठिपका झाला आहे. ज्या वर्गाचा विषयच रेघेची दिशा आहे तिथे हे खपवून घेता येत नाही. मी बाईंना तसे सांगितले, आणि त्यांनी पुढच्या तुकडीसाठी टिपणे नव्याने टंकलिखित करण्याचे कबूल केले. तिसरी गोष्ट टंकलेखनाची. संगणकावर ही चिन्हे कशी काढायची याला शेवटच्या रविवारी जेमतेम अर्धा तास मिळाला. नोकरी करणाऱ्याला हाच भाग सोमवारी सकाळी लागतो. ऑल्ट दाबून ०२३३ म्हणजे चढत्या रेघेची 'ई', ०२३२ म्हणजे उतरत्या रेघेची, ०२३१ म्हणजे शेपटीचा 'सी'. हे आकडे मी एका कागदावर लिहून कार्यालयातल्या पडद्याच्या कडेला चिकटवले आहेत. मोठ्या लिपीतल्या अक्षरांवरही चिन्ह द्यावे, असा फ्रेंच अकादमीचा आग्रह आहे, ही गोष्टही त्याच अर्ध्या तासात घाईने उरकली. शीर्षकात 'तुए'वरची रेघ गळली, तर ठार झालेला पोलीस ठार करणारा होतो, हे उदाहरण त्यांनी दिले. त्यावर एक पूर्ण तास खर्च झाला असता तरी चालले असते.

फ्रेंचची मुळाक्षरेही न शिकलेल्या माणसाने या वर्गाला जाऊ नये. पहिली पातळी पूर्ण केलेल्या, किंवा माझ्यासारख्या अर्धवट शिकून कामाला लागलेल्या माणसाने अवश्य जावे. केवळ अकरावी-बारावीत गुण मिळावेत म्हणून फ्रेंच घेतलेल्या मुलांना पहिले तीन रविवार संथ वाटतील, पण आमच्या तुकडीतली दोन्ही मुले शेवटपर्यंत टिकली. जिना चढून तिसऱ्या मजल्यावर जावे लागते आणि खोली लहान आहे, एवढे ज्येष्ठांनी ध्यानात ठेवावे. ठाणे स्थानकावरून चालत दहा-बारा मिनिटे लागतात. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार असून, चौकशी आधीच्या विद्यार्थ्यांमार्फतच करावी लागते. मी प्रगत श्रवणाच्या जोडवर्गासाठी नाव दिले आहे, तो सुरू करण्याचा विचार बाईंनी शेवटच्या दिवशी बोलून दाखवला. गेल्या आठवड्यात मी एकशे चार फायलींवर 'रेग्ले' लिहिले, दोन्ही रेघांसह, आणि एकीबद्दलही विचारणा आली नाही.